डबे राहू द्या, आधी बिलाच्या कागदाचं बघा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी ३३ वर्षांची आहे, पाचवा महिना चालू आहे. मोठी मुलगी चार वर्षांची. प्लास्टिकमधली रसायनं हार्मोन बिघडवतात, पोटातल्या बाळावर परिणाम करतात, असा एक व्हिडिओ बहिणीने पाठवला आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी एका मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरला आहे. गेली सहा वर्षं दुपारचं जेवण तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकच्या डब्यातच गरम करून खाल्लं. मुलीला बाटलीने दूध पाजलं, तीही प्लास्टिकची, आणि मी ती रोज उकळत होते. म्हणजे हे सगळं मीच तिच्या पोटात घातलं का? घरातले सगळे डबे काढून पोत्यात भरून ठेवलेत. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर हेच वापरलं, आम्हाला काय झालं? अंगात किती प्लास्टिक आहे ते लघवीच्या तपासणीत कळतं म्हणे, ती करून घेऊ का? शरीर साफ करायची पावडरही मिळते. आणि खरं सांगा, बाळाला जे व्हायचं ते होऊन गेलं असेल का?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, नाहीतर बाकीचं तुम्ही वरवर वाचाल आणि तेवढंच शोधत राहाल. सहा वर्षांचा साठा तुमच्या अंगात बसलेला नाही. प्लास्टिकचा विषय निघाला की ज्या दोन रसायनांची नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात, बिस्फेनॉल-ए म्हणजे बीपीए (कडक प्लास्टिकमधलं) आणि थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं), ती दोन्ही शरीरात मुक्काम ठोकत नाहीत. पोटात गेलेलं बीपीए यकृत पाण्यात विरघळेल अशा रूपात बदलतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. निम्मं पाच-सहा तासांत, उरलेलं बहुतेक दिवसभरात. थॅलेटचंही साधारण तसंच.

मग ती जवळजवळ सगळ्यांच्या लघवीत सापडतात कशी? आपण ती रोज नव्याने आत घेतो म्हणून. अमेरिकेत २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरच्या अडीच हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे ९३ टक्के नमुन्यांत बीपीए मिळालं. आकडा वाचून धडकी भरते खरी. पण आवक रोजची असेल तर ती कमीही लगेच करता येते, आणि तुमच्या कामाची गोष्ट ही आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना संशोधकांनी तीन दिवस ताजं अन्न दिलं, डबाबंद नसलेलं आणि प्लास्टिकमध्ये न ठेवलेलं. तेवढ्यात त्यांच्या लघवीतलं बीपीए सरासरी दोन तृतीयांशाने उतरलं आणि डीईएचपी नावाच्या थॅलेटचे अंश निम्म्याहून जास्त घटले. अभ्यास २०११ चा, माणसं अवघी वीस, त्यामुळे त्यावर इमले बांधायला नकोत. पण उतार कुठल्या बाजूला आहे ते दिसतं.

आता बाळाबद्दल. ही रसायनं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अभ्यासांत नेमकं काय दिसलं तेही ऐका. २००५ मध्ये शॅना स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १३४ लहान मुलग्यांची मापं घेतली. गरोदरपणात ज्या आयांच्या लघवीत काही थॅलेट जास्त होती, त्यांच्या मुलग्यांत गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर सरासरीने कमी भरलं. पुरुष-हार्मोनच्या कामात ढवळाढवळ झाल्याची ती खूण मानतात. मात्र त्यांतल्या एकाही मुलात उघड व्यंग नव्हतं. फरक दिसला तो सगळ्यांची मापं एकत्र मांडून हिशेब केल्यावर. असे अभ्यास सरकारांनी कोणते नियम करावेत हे ठरवायला फार उपयोगी असतात. त्यावरून एका आईच्या एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याला बहुधा काहीतरी विकायचं आहे. तुमच्या बाळाची खरी खबर सोनोग्राफीतून, रक्तदाबातून, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईडच्या तपासण्यांतून मिळते. त्या तारखा चुकवू नका. रात्री दोन वाजता मोबाईलवर जे सापडतं त्यापेक्षा त्यांत कितीतरी जास्त कळतं.

आणि आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही ओळख म्हणून सहज लिहून गेलात. तुम्ही बिलिंग काउंटरला काम करता. सगळं पत्र डब्यांवर आहे आणि या एका ओळीवर तुम्ही थांबलाही नाहीत. मी मात्र तिथेच अडले.

कामावर गेलात की एक करून बघा. बिलाच्या कागदाच्या गुळगुळीत बाजूवर नखाने जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटेल. त्या प्रिंटरमध्ये शाई नसतेच. कागदावरच एका रंगहीन रंगद्रव्याचा आणि त्याला रंग आणणाऱ्या दुसऱ्या रसायनाचा थर दिलेला असतो, उष्णता मिळाली की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि अक्षर काळं होतं. नखाच्या घर्षणाची उष्णताही त्याला पुरते. हे रंग आणणारं रसायन म्हणजे कित्येक वर्षं बीपीए होतं आणि आता बऱ्याच ठिकाणी त्याच्याच भावकीतलं बीपीएस असतं. कडक प्लास्टिकच्या बाटलीत बीपीए लांबलचक साखळीत गुंफलेलं असतं, ती साखळी तुटेल तसं थोडं थोडं सुटतं. कागदावर ते सुटंच असतं, बोटाला लागायला मोकळं. कागदाला कोणी प्लास्टिक म्हणत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात गरोदर बायकांच्या लघवीतलं बीपीए मोजलं होतं, तो अभ्यास २०११ मध्ये छापून आला. व्यवसायानुसार बघितलं तर सगळ्यात जास्त प्रमाण निघालं कॅशियर बायकांमध्ये. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्या बाबतीत कमी करण्यासारखी सगळ्यात सोपी जागा ही आहे, म्हणून सांगते. आणि त्यात एक खोच आहे: सॅनिटायझर. दिवसभर नोटा हाताळणारी माणसं सारखं सॅनिटायझर लावतात. २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सॅनिटायझर लावून लगेच बिलाचा कागद धरायला दिला आणि मग त्याच हाताने खायला सांगितलं. रक्तातलं आणि लघवीतलं बीपीए चढलं. सॅनिटायझरमध्ये आणि हाताच्या क्रीममध्ये असे घटक असतात की ते बीपीएला त्वचेतून आत जायची वाट मोकळी करून देतात. ओल्या, क्रीम लावलेल्या हाताने ते कागद धरणं म्हणूनच वाईट.

तेव्हा काउंटरवर हात कोरडे ठेवा. सॅनिटायझर लावलंच तर पूर्ण वाळू द्या आणि मगच कागदाला हात लावा. जेवणाच्या सुट्टीत आधी साबण-पाण्याने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून जेवायला बसू नका. रोल बदलताना, गठ्ठे लावताना नायट्राईलचे हातमोजे घाला. ग्राहकाला बिल मोबाईलवर चालत असेल तर छापूच नका. हात रिकामे नसले की बिल ओठांत धरायची सवय अनेकांना असते, ती सोडा. जुनी बिलं पर्समध्ये कोंबून घरी आणू नका आणि लेकीला चित्रं काढायला तर अजिबात देऊ नका. मुलांना तो कागद फार आवडतो, गुंडाळी असते ना! मालकांकडेही एक विचारणा करा: रोल कुठला आहे? ‘बीपीए-मुक्त’ लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न, मग बीपीएस आहे का? बिस्फेनॉलच नसलेले रोल बाजारात आहेत. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदातल्या बीपीएवर ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ही मागणी जगावेगळी नाही. गरोदरपणी काही महिने दुसरं काम मागणंही गैर नाही. मागून बघा.

आता वळूया त्या पोत्याकडे.

पोतं फेकू नका, उघडा. एखादा जुना डबा घ्या आणि आतून बोट फिरवा. ओरखडे बोटाला लागतील, आणि कितीही घासला तरी न जाणारा तेलाचा पिवळट डाग दिसेल. तो डाग नीट बघण्यासारखा आहे. तेल नुसतं पृष्ठभागावर बसलेलं नाही, प्लास्टिकच्या आत शिरलं आहे, म्हणून घासणीला दाद देत नाही. ज्या वाटेने तेल आत गेलं त्याच वाटेने आतलं काही बाहेरही येऊ शकतं. प्लास्टिकचा मुख्य रेणू प्रचंड मोठा असतो, तो सहसा कुठे जात नाही. पण प्लास्टिक मऊ करायला, टिकवायला, रंगवायला, आग लागू नये म्हणून त्यात जे जे घालतात, ते बहुतेक वेळा रेणूला बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. नॉर्वेच्या पुढाकाराने झालेल्या प्लास्टकेम अहवालाने २०२४ मध्ये यादी केली तेव्हा प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा सापडणारी १६,००० हून अधिक रसायनं निघाली आणि त्यांतली ४,२०० हून अधिक काळजी करण्यासारखी. त्यांना बाहेर काढणाऱ्या गोष्टी मात्र मोजक्याच. उष्णता, तेल-तूप, आंबटपणा, बराच वेळ, आणि ओरखडे-तडे.

डब्यांची निवड याच हिशेबाने करा. कोरडं, थंड, लगेच संपणारं काही त्यात ठेवलंत तर फारसं बिघडत नाही. गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ स्टीलमध्ये, काचेत किंवा चिनी मातीत. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक नकोच, कामावर काचेचा डबा न्या, किंवा आणलेलं तिथल्या चिनी मातीच्या ताटलीत काढून गरम करा. ‘मायक्रोवेव्ह-सेफ’ असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही आणि त्यातून पाझरणारं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहील, इतकाच. काहीच पाझरत नाही असा कोणी दावा केलेला नाही. नेब्रास्का विद्यापीठात २०२३ मध्ये लहान मुलांच्या अन्नाचे डबे तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, तेव्हा काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून प्लास्टिकचे लाखो सूक्ष्म आणि अब्जावधी अतिसूक्ष्म कण सुटले.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो तोही बघून घ्या. १९८८ मध्ये ही पद्धत सुरू झाली ती भंगार वेगळं करायला सोपं जावं म्हणून. सुरक्षिततेचे गुण देण्यासाठी ती नाही. तरी अंदाज बांधायला उपयोग होतो. ३ म्हणजे पीव्हीसी, मऊ असेल तर त्यात थॅलेट असण्याची शक्यता. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोलसारखे पांढरे, हलके पेले-वाट्या, त्यांत गरम काही घेऊ नका. ७ म्हणजे ‘इतर’, आणि काचेसारखी पारदर्शक, कडक जुनी बाटली ७ ची असेल तर ती पॉलिकार्बोनेटची असू शकते, म्हणजे बीपीएपासून बनवलेल्या प्लास्टिकची. ती अन्नपाण्यातून निवृत्त करा. २ आणि ५ त्या मानाने बरे. ओरखडे पडलेले, पांढुरके झालेले, वास धरलेले डबे बटणं, खिळे, रंगखडू ठेवायला चांगले.

घरातले डबे बदलून झाले तरी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, ती म्हणजे पत्र्याच्या डब्यातलं तयार अन्न. त्या पत्र्याला आतून जो थर दिलेला असतो तो बरीच वर्षं बीपीएपासून बनवलेल्या इपॉक्सी नावाच्या राळेचा होता, आणि डबा बंद करून उष्णता दिली जाते ती अन्न आत असतानाच. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७५ जणांना पाच दिवस रोज एक वाटी डबाबंद सूप दिलं. ताजं सूप पिण्याच्या आठवड्याशी तुलना केली तर लघवीतलं बीपीए हजार टक्क्यांहून जास्त वाढलेलं होतं. घरातले वीस डबे बदलून रोज डबाबंद काही खाल्लंत तर काय उपयोग!

‘बीपीए-फ्री’ या शिक्क्याबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण नवे डबे आणायला गेलात की हाच शिक्का दाखवून जास्त पैसे घेतील. बीपीए स्त्री-हार्मोन इस्ट्रोजेनसारखं काम करतं हे काही नवीन नाही. एडवर्ड चार्ल्स डॉड्स इंग्लंडमध्ये कृत्रिम इस्ट्रोजेन शोधत होते, तेव्हा १९३६ मध्येच त्यांना ते दिसलं होतं. औषधासाठी पुढे दुसरी जास्त प्रभावी रसायनं निघाली, बीपीए मागे पडलं आणि १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या कामाला लागलं. मग १९९८ मध्ये ओहायोतल्या एका प्रयोगशाळेत पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. ज्या उंदरांना काहीच दिलेलं नव्हतं त्यांच्याही बीजांडांतल्या गुणसूत्रांची मांडणी अचानक बिघडलेली दिसू लागली. शोध घेतला तर पॉलिकार्बोनेटचे पिंजरे कोणीतरी चुकीच्या, जहाल साबणाने धुतले होते. पृष्ठभाग खराब झाला, बीपीए सुटलं, उंदरांच्या पोटात गेलं. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि बीपीएवर जगभर चर्चा पेटली. कंपन्यांनी बीपीए काढलं, बऱ्याच ठिकाणी बीपीएस घातलं. २०१८ मध्ये हंट यांनीच पुन्हा कळवलं: पिंजरे नव्या प्लास्टिकचे होते, ते खराब झाले, त्यांतून बीपीएस सुटलं, आणि उंदरांत तसलाच बिघाड दिसला. त्या शिक्क्याला मी किती किंमत देते ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. स्टीलला शिक्का लागत नाही.

तज्ज्ञांचं यावर एकमत आहे असं मात्र समजू नका. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली, शरीराच्या किलोमागे ०.२ नॅनोग्रॅमवर. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ते पटलं नाही, तिची मर्यादा याच्या हजारपट निघाली. दोघेही नावाजलेले, दोघांसमोर बहुतेक तेच पुरावे. शेवटी युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीचा निर्णय घेतला. माणसांतले बहुतेक अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. मधुमेह, हृदयविकार, वंध्यत्व यांच्याशी असे संबंध दिसले आहेत आणि प्राण्यांतले पुरावे त्यांना दुजोरा देतात. माझं मत विचाराल तर, जे टाळायला कष्ट पडत नाहीत ते पुराव्याची शेवटची ओळ लिहून होईपर्यंत टाळावं, आणि जे टाळणं आपल्या हातात नाही त्यावर रक्त आटवू नये.

आता लेकीची बाटली. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच खातंय हे पत्रातून कळतं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० मध्ये दाखवलं की पॉलिप्रोपिलीनच्या (त्रिकोणात ५ आकडा असतो त्या प्लास्टिकच्या) बाटलीत गरम पाणी घालून दुधाची पावडर कालवायच्या पद्धतीने हलवलं तर लिटरमागे १.६ कोटींपर्यंत सूक्ष्मकण सुटू शकतात. व्हिडिओत हाच आकडा असणार. पण त्या कणांमुळे मुलं आजारी पडली असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही. बाटली न उकळल्याने होणारे जुलाब मात्र तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकतात. तुम्ही बाटली उकळत होतात ते योग्यच होतं, ती चूक म्हणून हिशेबात धरू नका. पुढच्या बाळाला अंगावरचं दूध मिळालं तर उत्तम, ‘माझ्याच दुधात रसायनं असतील’ या भीतीने ते थांबवू नका. वरचं दूध लागलंच तर काचेची बाटली घ्या. प्लास्टिकचीच असेल तर ती उकळून निर्जंतुक करायची, मग स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने विसळायची. पावडर ७० अंशांवरच्या पाण्यात स्टीलच्या किंवा काचेच्या स्वच्छ भांड्यात कालवायची, कोमट झाली की बाटलीत ओतायची. एवढ्याने कणांची संख्या पुष्कळ उतरते आणि जंतूंपासूनचं संरक्षण तसंच राहतं.

‘दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक आपण खातो’ हेही त्या व्हिडिओत असेलच. पाच ग्रॅमचा हा अंदाज २०१९ मधला. नंतर नेदरलँड्समध्ये झालेल्या जास्त काटेकोर हिशेबात प्रौढ माणसाचा आठवड्याचा आकडा काही मायक्रोग्रॅम निघाला. फरक लाखो पटींचा आहे, पण पहिला आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो म्हणून तोच फिरतो. उलट बाजूने, २०२४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या चरबीच्या थरांत प्लास्टिक शोधलं. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन (पिशव्यांचं प्लास्टिक) मिळालं, आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे साडेचार पट होता. प्लास्टिकमुळेच तसं झालं असं ते स्वतःही म्हणत नाहीत. पण हा अभ्यास मी बाजूला टाकणार नाही.

तपासणी करू नका. लघवीतलं बीपीए तासातासाला बदलतं. एका नमुन्यावरून काही ठरवणं म्हणजे दुपारी खिडकीतून एकदा बघून वर्षभराचा पाऊस सांगणं. शिवाय अमुक आकड्याला अमुक उपचार असं काही ठरलेलंच नाही, म्हणजे अहवाल हातात घेऊन तुम्ही फक्त आणखी जागाल. आणि पावडर? अजिबात नको. जी रसायनं दिवसभरात आपणहून निघून जातात त्यांना काढायला औषध कशाला? गरोदरपणात डॉक्टरांना न दाखवता कसलीही पावडर पोटात जाता कामा नये, मग पुडीवर कितीही हिरवी पानं छापलेली असोत.

याउलट दोन साध्या गोष्टी कोणी सांगत नाही. घरातल्या धुळीत थॅलेट आणि आगरोधक रसायनं उतरतात. चार वर्षांची मुलगी जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते. कोरडा केर काढण्यापेक्षा ओलं फडकं फिरवा आणि जेवणाआधी तिचे हात धुवा. दुसरी, सुगंध. डीईपी नावाचं थॅलेट वास टिकवायला वापरतात आणि बाटलीवर बरेचदा नुसतं ‘सुगंध’ एवढंच छापलेलं असतं. कॅलिफोर्नियात शंभर मुलींनी तीन दिवस कमी रसायनांची प्रसाधनं वापरली तर त्याचा अंश लघवीत २७ टक्क्यांनी घटला. बाळंतपणापर्यंत बिनवासाचा साबण आणि बिनवासाचं क्रीम वापरा.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण ‘जन्मभर हेच’ हे काही तितकंसं खरं नाही. १९५० मध्ये जगात वर्षाला २० लाख टन प्लास्टिक बनायचं, आता ४० कोटी टनांहून जास्त बनतं. त्यांच्या तरुणपणी आपल्याकडे घरोघरी मायक्रोवेव्हही नव्हते आणि दुकानोदुकानी बिलाचे हे गुळगुळीत कागदही नव्हते. त्यांना हे पटवण्यापेक्षा स्टीलच्या जुन्या डब्यांबद्दल विचारा, माळ्यावर नक्की असतील आणि काढून देताना त्या खूशही होतील. नवऱ्याला म्हणावं, वेड लागलंय की नाही ते नंतर ठरवू, आधी कामावर न्यायला काचेचा डबा घेऊन ये. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. गरोदरपणातली सततची काळजी हाही उपचार करण्यासारखा त्रास आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून एक. हे सगळं वाचून उद्या तुम्ही दवाखान्यातल्या वस्तूंकडेही संशयाने बघू लागाल. सलाईनच्या मऊ नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या पुष्कळदा पीव्हीसीच्या असतात आणि त्यांत डीईएचपी असतं, हे खरं आहे. तरी प्रसूतीच्या वेळी सलाईन किंवा रक्त लावायची गरज पडली तर एका क्षणाचाही विचार न करता लावून घ्या, तिथे उशीर झाला तर होणारं नुकसान त्या नळीपेक्षा कितीतरी मोठं असतं. नवजात बाळांच्या विभागात डीईएचपी नसलेल्या नळ्या वापरतात का, हे विचारायचं असेल तर आधीच्या एखाद्या भेटीत विचारून घ्या, कळा सुरू झाल्यावर नको.